विल्फनं बायकोचं भलं चिंतलं

चांगलं बोलायची विल्फ ऑग्डेनला सवय नव्हती. त्या संध्याकाळी तो बोलून बसला आणि तिथंच सगळं फिसकटलं.

यॉर्कशरमधलं लहानसं गाव, चर्चच्या हॉलमध्ये हौशी मंडळींचं नाटक. विल्फची बायको डॉरिस इतकी वर्षं मध्यंतराचा चहाच करायची. यंदा पहिल्यांदा तिला काम मिळालं, तेही बुडून मेलेल्या कोळ्याच्या विधवेचं. दुपारपासून तिच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून विल्फ पडद्यामागं गेला आणि म्हणाला, "पोरी, सगळं नीट पार पडू दे."

खोली गारठली. (मयताच्या घरात कुणी शिट्टी वाजवावी तशी.)

"घात केलास," नाटक बसवणारी पामेला म्हणाली. "नाटकवाल्यांना असं म्हणतात होय? 'तुझा पाय मोडो' म्हणायचं असतं."

"मार्चमध्ये तिचा खुबा बदललाय. आणि मी म्हणू पाय मोडो?"

"तसं म्हटलं की भलं होतं."

"आणि भलं चिंतलं की?"

"पाय मोडतो."

विल्फनं एकेकाचं तोंड पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. चांगली शहाणी माणसं, त्यात एक तर दातांचा डॉक्टर.

"आता बाहेर जा," पामेला म्हणाली. "तीन गिरक्या घे, शिवी दे, दार ठोठाव आणि 'आत घ्या' म्हण. दुसरा उतारा नाही."

"डॉरिस, तुला पटतं हे?"

"पटायचं राहू दे. तू बाहेर हो, नाहीतर मी स्टेजवर पाय ठेवत नाही."

विल्फ गेला. भुरभुर पावसात गिरक्या घेतल्या, शिवी दिली (एकीवर भागलं नाही) आणि घेरी आली म्हणून भिंतीला टेकला. शिव्या ऐकून आतल्यांचं समाधान झालं. पडदा वर गेला आणि विल्फला सगळे विसरले.

स्टेजवर डॉरिस रडवेल्या सुरात म्हणत होती, "माझा धनी आता कधीच हे दार ठोठावणार नाही."

धाड, धाड. "आत घ्या मला."

लोक खुर्च्यांवरून पडायचेच बाकी राहिले. डॉरिस पांढरीफटक पडली. मग तिनं अॅप्रनला हात पुसले आणि दाराकडं वळून म्हणाली, "मेला तरी वेळेवर घरी यायची अक्कल नाही. थांब तिथंच."

टाळ्या थांबेनात. बाहेर विल्फची छाती फुगली. त्याचा शेजारी कुत्रं फिरवत चालला होता, त्याला थांबवून विल्फ म्हणाला, "माझ्या बायकोला पडताहेत त्या."

"मग तू बाहेर काय करतोयस?"

"तिचं भलं चिंतलं म्हणून."

"मग बरोबर आहे," शेजारी म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन पुढं गेला.