कपाटाची मूठ

निवृत्त हेडक्लार्कसाहेबांनी हौसेखातर मागच्या खोलीत लेथ मशीन बसवलं, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "अहो, याच्यावर नेमकं होतं तरी काय?"

"काय वाट्टेल ते! पितळेची कांब गरागरा फिरते, हत्यार तिला तासतं. बोल, काय करून देऊ?"

"कपाटाची मूठ तुटलीय. तेवढी द्या."

साहेब विरघळले. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. स्वतःच्या हातची म्हणावी अशी एक वस्तू घरात नव्हती. आपण घडवलेलं काहीतरी बायकोने रोज वापरावं, याची त्यांना फार ओढ होती. जमलंच तर तिने 'छान झालंय' म्हणावं. लग्नापासून ती 'बरंय'च्या पुढे सरकली नव्हती.

कांब तीस मिलिमीटर जाड होती, मूठ हवी होती वीसची. साहेबांनी हत्यार सरकवायच्या चाकावरचे आकडे बघत ते हळूहळू दहा मिलिमीटर आत नेलं. मोजलं, तर कांब उरली दहाच.

"झाली का मूठ?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"मूठ राहू दे गं! पातेल्याच्या झाकणाला दांडी करतोय, आठची!"

श्वास रोखून त्यांनी दोन मिलिमीटर काढले. उरले सहा.

"चोर आहे हे मशीन! मागावं त्याच्या दुप्पट खातं!"

बायको हात पुसत आली, जरा वेळ बघत राहिली. "काकडीची साल एकाच बाजूची निघते का हो? ती कांब फिरतेय. इकडून एक मिलिमीटर गेला, की तिकडूनही एक जाणारच."

सगळ्या ऑफिसच्या बेरजा तपासणाऱ्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. निदान खुंटी तरी करू, म्हणून त्यांनी नीट हिशेब करून पुन्हा हत्यार लावलं. पण आता कांब इतकी बारीक, की मोकळं टोक हत्याराला दबून लवलं. एका बाजूला निमुळती, दुसरीकडे जाडसर अशी काडी तयार झाली. साहेबांनी ती कापली आणि निमूटपणे कचऱ्याकडे निघाले.

"थांबा, बघू." बायकोने काडी घेतली, सुटत आलेला अंबाडा वळला आणि त्यात खोचली. मान हलवून पाहिली. अंबाडा जागचा हलला नाही.

"छान झालीय हो!"

साहेबांचे डोळे भरून आले.

"ताईसाठीपण एक करा. अगदी हुबेहूब अशीच हं!"

साहेबांनी मोठ्या उत्साहात नवी कांब चढवली, चाकाला हात घातला आणि तिथेच थबकले. हिशेब आता पक्का कळला होता. त्या चुका पुन्हा जमतील की नाही, याचीच त्यांना धास्ती वाटू लागली.