थोरल्यांची टाकी, धाकट्यांचा सायलेन्सर

समस्त सुज्ञ मंडळींचे सेवेसी विदित व्हावे जे, सख्खे भाऊ दोघे, अंगण एक आणि मोटारसायकल एक, ऐसी दौलत असता भाऊबंदकी उपजली आणि गाडी बहुत वर्षे जागची हलली नाही, ती पुन्हा कैसी हलली, हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. तिखटमीठ लागेल तेथे लावू, परंतु खोटे लिहिणार नाही.

कलहाचे मूळ पाहता, टाकीवर एक ओरखडा निघाला. तो थोरल्यांनी पाडला की धाकट्यांनी, याचा निकाल लागेना. शब्दाने शब्द वाढला, आणि मग मातोश्रींचे कान किटले, आणि त्यांनी हाती खडू घेऊन गाडीच्या दोन सीटांमध्ये आडवी रेघ ओढोन निवाडा दिला की, पुढची सीट आणि तेथून दिव्यापर्यंतचा मुलूख थोरल्यांचा, मागची सीट आणि तेथून शेपटापर्यंतचा धाकट्यांचा, आणि आता मला जरा पडू द्या. पुढे मातोश्री देवाघरी गेल्या, रेघ पुसली गेली, हद्द मात्र राहिली.

थोरल्यांनी रोज सकाळी हॅण्डल, दिवा, टाकी फडक्याने पुसावी आणि हद्दीवर येताच हात आखडता घ्यावा. धाकट्यांनी आपल्या मुलखाकडे ढुंकून पाहू नये. येणेकरून गाडी पुढून नवरीसारखी आणि मागून भंगारासारखी दिसू लागली. उभयतांचे बोलणे तर ओरखड्याच्या दिवसापासोनच बंद जाहले होते. निरोप जाणे ते जावाजावांच्या मार्फत.

ऐसे असता खबर आली की, थोरले दूरच्या शहरी आपल्या लेकीकडे कायमचे राहावयास जाणार आणि सामानाचा ट्रक सोमवारी येणार. हे ऐकोन धाकट्यांच्या तोंडचे पाणी पळाले. दादा एक शब्द न बोलता निघोन जाणार, ही चिंता जिवास लागली. आपण होऊन बोलावे तर इभ्रतीस बाध येतो. मग बहुत खलबत करोन मनसुबा ठरविला की, गाडी चालू करावी, गाडी चालू जाहली की दादास काही ना काही बोलणे प्राप्तच आहे. यावर धाकट्यांच्या कुटुंबाने स्वयंपाकघरातून अभिप्राय दिला, "अहो, सख्ख्या भावाशी एक वाक्य बोलायला मोटारसायकल कशाला लागते?" धाकट्यांनी पान्यांची पेटी मागविली.

रविवारी सकाळी मोहीम निघाली. धाकट्यांची स्वारी पोटावर न मावणाऱ्या जुन्या पँटीत, संगतीस नाक्यावरचे मेकॅनिक उस्ताद, ज्यांचा लौकिक ऐसा की गाडी नीट होवो न होवो, चहा तत्काळ संपतो. मागच्या मुलखात बेबंदशाही माजली होती. चेन गंजोन काठी जाहली होती, चाकात हवा नव्हती आणि सीटमध्ये उंदरांनी ठाणे वसविले होते. ठाणे उठविता एक उंदीर उस्तादांच्या बाहीत शिरला, आणि मग उस्तादांनी अंगणात जे नृत्य केले ते थोरल्यांनी पडद्याआडोन पाहिले आणि तोंडात रुमाल कोंबोन हसले, ऐसे वहिनींनी मागाहून कळविले. मग चेन रॉकेलात बुडविली, चाकात हवा भरिली आणि फौज इंजिनापाशी आली, तो काय! स्पार्क प्लगच नाही.

वाटणीच्या दिवशी थोरल्यांनीच तो काढोन नेला होता, जेणेकरून धाकट्यांचा मागचा मुलूख थोरल्यांच्या पुढच्या मुलखास घेऊन पळोन जाऊ नये. सबब धाकट्यांच्या कुटुंबास वकील करोन पलीकडे रवाना केले. थोरल्यांचे फर्मान सुटले की प्लग न्यावा, टाकीत पेट्रोल घालण्यास आणि किक मारण्यास आजपुरती मुभा आहे, ओरखडा पडल्यास गाठ आमच्याशी आहे. प्लग आला तो धुतल्या रुमालात गुंडाळोन, घासोन लखलखीत. इतकी वर्षे दादा हा प्लगही पुसत होता, हे ध्यानी येताच धाकट्यांनी बाहीने डोळे पुसले. उस्तादांनी विचारता, डोळ्यात रॉकेल गेले ऐसे सांगितले.

मग बाटलीतले पेट्रोल टाकीत रिचविले आणि किकांचा मारा सुरू जाहला. धाकट्यांचा गुडघा कामी आला, उस्तादांची चप्पल कामी आली, इंजिन नुसते खोकले. उस्ताद म्हणाले, "साहेब, हिचा श्वास कोंडतोय. सायलेन्सरमध्ये कुणी काही कोंबलंय का?"

धाकट्यांचा चेहरा उतरला. थोरल्यांनी प्लग काढला त्याच दिवशी, त्याच भयाने, त्यांनी आपला पायमोजा काठीने सायलेन्सरात ठासला होता आणि नंतर साफ विसरले होते. "असेल एखादा उंदीर," ऐसे बोलोन त्यांनी सर्व बळ एकवटोन किक मारली. तोफ डागावी ऐसा आवाज जाहला, मोजा सुटला आणि दारात पेपर वाचत बसलेल्या थोरल्यांच्या पेपरावर जाऊन पडला. आणि मागोमाग गाडी धडधडू लागली.

थोरले उठले. मोजा दोन बोटांत धरोन आले, धाकट्यांच्या खिशात कोंबला आणि एक अक्षर न बोलता पुढच्या सीटवर आरूढ जाहले, कारण मुलूख त्यांचा. राबला कोण आणि मिरवला कोण! धाकटे मागे बसले. बाजार, बँक, शाळा ऐसी मुलूखगिरी करीत स्वारी गावाबाहेरच्या चढावर पोचली, आणि तेथे इंजिन दोन आचके देऊन थांबले. सगळीकडे सामसूम जाहली. धाकट्यांच्या जिवाचे कान जाहले.

"किती टाकलं होतंस रे पेट्रोल?"

"बाटलीभर."

"बाटलीभर? हा काय स्टोव्ह आहे?"

"टाकी तुझी आहे, दादा! तूच बघायचं."

"आणि मोजा? तोही मीच बघायचा?"

"मग प्लग कुणी पळवला?"

येथून घरापर्यंत थोरल्यांनी हॅण्डल धरावे, धाकट्यांनी मागोन ढकलावे आणि उभयतांनी गळ्याच्या शिरा ताणोन एकमेकांस बोल लावावे, ऐसी कूच जाहली. ओरखडा निघाला, लहानपणीचा पतंग निघाला, लग्नात उलटा घातलेला कोट निघाला. फाटकात उभ्या दोघी जावांच्या कानी तो गलका दुरूनच पडला.

"वहिनी, ऐकलंत का? भांडताहेत!"

"हो गं," वहिनी पदर डोळ्यांस लावोन म्हणाल्या, "आणि एकमेकांशी."

सोमवारी ट्रक आला, सामान भरले, थोरले गेले. जाताना बोलणे ऐसे काही जाहले नाही, नुसते टाकीचे फडके धाकट्यांच्या हाती दिले. सांजवेळी फोन वाजला. थोरले मुक्कामी पोचले होते, अजून बूटही काढिले नव्हते, आणि पलीकडून आवाज आला, "हं, आणि दुसरी गोष्ट ऐक."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. भांडण अद्याप चालू आहे, ते आचंद्रसूर्य चालू राहो.