सोनवणेकाकांचं डावं चाक

सोसायटीत कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की सोनवणेकाका ती आधी वाकवून बघतात. कागद जाड आणि गुळगुळीत असला तर म्हणतात, "चांगलं स्थळ दिसतंय." कारण लग्न उरकल्यावर ती पत्रिका त्यांच्या गाडीचा टायर आणि चाकाची काळी रिम यांच्या फटीत जाणार असते, म्हणजे चाक रंगवताना टायर माखत नाही. माझ्या धाकट्या भावाचा शुभविवाह मी असा चाकाभोवती काळा झालेला पाहिला आहे.

काका चाकणच्या एका मोटार कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकाम विभागात, तपासणीवर होते. रिटायर होऊन दिघीत आमच्या शेजारी राहायला आले, पण तपासणी काही सुटली नाही. दर सोमवारी सकाळी ते पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसतात. साबणाच्या पाण्यानं चाक धुतात, खरचटलेल्या जागी पॉलिश पेपर फिरवतात, मग बारीक ब्रशनं रंग. रंगाच्या बाटल्या तीन, तिन्ही काळ्या. "काळा एक नसतो, राव. तुमच्या छत्रीचा वेगळा, माझ्या चाकाचा वेगळा."

आणि मग संशय. "डिफेक्ट आपोआप येत नाही. त्याला स्टेशन असतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कंपनीत ओरखडा दिसला की तो कुठल्या स्टेशनवर, म्हणजे कामाच्या कुठल्या टप्प्यावर, आला ते शोधायचं, तसंच इथे. वॉचमनची खुर्ची झाली, दूधवाल्याचा कॅन झाला. हल्ली रोख माझ्या स्कूटरवर होता. एकदा तर त्यांनी तिच्या फूटरेस्टवर बोट घासून बोटाचा वास घेतला.

मग मलाही संशयानं घेरलं. ओरखडा नेहमी पुढच्या डाव्या चाकालाच का? आणि आरोप करताना काका माझ्याकडे कमी अन् आपल्या गॅलरीकडे जास्त का बघतात? तिथे त्यांच्या पत्नी, शालनकाकू, कपडे वाळत घालत असतात.

काकांच्या एका डोळ्याला कमी दिसू लागल्यापासून डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलंय. तेव्हा काकूंनी साठीला टेकताना गाडी शिकायला घेतली, कारण त्यांची म्हातारी आई तळेगावला एकटी असते. दर रविवारी दोघं तिला भेटायला जातात.

एका रविवारी संध्याकाळी मी पेपर घेऊन मुद्दाम रॅम्पजवळच्या बाकावर बसलो. गाडी आली. वळताना डावं चाक कठड्याला चांगलंच घासलं, आणि त्याच क्षणी शेजारी बसलेले काका जोरजोरात खोकायला लागले. इतकं की काकूंनी गाडी लावून आधी त्यांना पाण्याची बाटली दिली.

काका खाली उतरले आणि मला बघून थबकले. एरवी ते काकूंना आधी वर पाठवत असावेत. आज काकू त्यांच्या हातातला डबा घ्यायला या बाजूला आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"अहो, हे माझ्या हातून तर नाही ना झालं? तसं असेल तर सांगा. मी चावी खिळ्याला अडकवते, परत हात लावायची नाही."

काकांनी पार्किंगभर नजर फिरवली. त्या घटकेला त्यांच्याकडे एकही संशयित उरला नव्हता. मला त्यांची फार दया आली.

"काकू, माझ्या स्कूटरचा फूटरेस्ट लागला सकाळी," मी म्हणालो. "सांगायचं राहिलं."

काकूंनी मला यथेच्छ झापलं. "माणसानं पार्किंगमध्ये डोळे उघडे ठेवावेत. मी बघा, हायवेनं एवढी गाडी आणते." काका मान डोलावत होते. "मी म्हणतच होतो. डिफेक्टला स्टेशन असतं." आवाज मोठा होता, पण हात त्यांनी हलकेच माझ्या खांद्यावर ठेवला होता.

काकू डबा घेऊन जिन्याकडे गेल्या. "गुरुवारी आईला दवाखान्यात न्यायचंय, मीच नेते," असं जाता जाता म्हणाल्या.

काका चाकाजवळ उकिडवे बसले. माझ्याकडे न बघता त्यांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "घरात एखादी जाड पत्रिका आहे का, राव?"

मी वर गेलो आणि कपाटातून माझ्या लग्नाची काढून आणली.