वानखेडे काकांची कैद

रविवार, संक्रांतीनंतरचा. हजर: मी (सेक्रेटरी), डॉक्टर देशपांडे, शर्माजी, वानखेडे काका. न बोलावता हजर: वानखेडे काकू. विषय: इमारतीच्या फाटकाला दिवसाही कुलूप.

वानखेडे काका बरणीला झाकण लावत नाहीत, लोणचं कैद करतात. चपला कपाटात कैद, स्कूटर जिन्याखाली कैद. मूळचे अकोल्याचे; रेल्वेच्या नोकरीत जयपूरला आले आणि मालवीय नगरात आमच्या खालच्या मजल्यावर स्थिरावले. इथे माकडांपायी सगळ्यांनी बाल्कनीला जाळ्या ठोकल्यात. काकांनी नाही. माकड त्यांच्या ताटातली पोळी उचलतं, तेव्हा ते वर बघून आम्हालाच विचारतात, "कैदेत जेवण बरं मिळते ना?"

शब्दाबाबत मात्र काटेकोर. अटक पोलीस करतात, कोंडतात ती रागावलेली माणसं, डांबतात ते गुंड. कैदेला मुदत लागते. म्हणून लोणच्याला ते बजावतात, उन्हाळ्यापर्यंत. स्कूटरला, सोमवारी सुटशील.

काकू हल्ली विसरतात. मागच्या आठवड्यात त्या एकट्याच बाहेर पडल्या आणि सिटी बसच्या कंडक्टरकडे अकोल्याचं तिकीट मागू लागल्या. नशीब, शर्माजी त्याच बसमध्ये होते. म्हणून ही सभा. कुलूप मी आधीच आणून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी धोका समजावला. शर्माजी म्हणाले, भाभीजींच्या भल्यासाठीच आहे. काका काकूंच्या शालीचं टोक धरून ऐकत होते.

"लावा," ते म्हणाले. "फक्त मुदत सांगा."

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

"मुदत नाही, तर ही कैदही नव्हे बाप्पा. तिनं विचारलं तर मी काय सांगू?"

तेवढ्यात काकू उठल्या. "चला, गाडीची वेळ झाली."

काकांनी कपाटातून चपला बाहेर काढल्या. दोघं बसस्टॉपपर्यंत गेली, बाकावर बसली. काकांनी अकोल्याची गाडी रद्द झाल्याचं जाहीर केलं, आणि दोघं परत आली. हे रोज दोनदा चालतं, हे आम्हाला तेव्हा काकांकडून कळलं. काकांचे गुडघे दुसऱ्या फेरीला साथ देत नाहीत, हेही. मागच्या आठवड्यात काकू निसटल्या त्या दुसऱ्या फेरीच्या वेळीच.

आता संध्याकाळची फेरी आम्ही वाटून घेतली आहे. सोमवार माझा, बुधवार डॉक्टरांचा. शर्माजी गाडी रद्द करत नाहीत, फक्त "लेट" करतात, त्यामुळे त्यांच्या दिवशी काकू अंधार पडेपर्यंत बाकावरून हलत नाहीत. शर्माजींना नीट शिकवायला हवं.

आणि कुलूप दुकानात परत करायचं राहिलंय.