गोड लागलेलं तीर्थ

आमच्या घरच्या फ्रिजमध्ये गोंधळ होणं शक्यच नाही! प्रत्येक कुपीवर मी स्वतः चिठ्ठी चिकटवतो. आईचं कुशावर्ताचं तीर्थ बाटलीतून गळायचं, तर तिलाही प्रयोगशाळेतली घट्ट झाकणाची कुपी मीच दिली. केवढा गुणी मुलगा!

शेजारच्या तशाच कुपीत माझे विषाणू होते, प्रयोगशाळेतल्या फ्रिजचा भरवसा नाही म्हणून घरी आणलेले. द्राक्षाच्या पानावरचे, माणसाला काही न करणारे. दोन वर्षं राबून साखरेच्या पाण्यात राखलेले. जर्मनीत त्यांचा फोटो निघणार होता. तिथल्या एक्स-रेच्या झोतात सगळ्या लाटा एका तालात येतात, विषाणूवर आपटून विखुरतात, त्या नक्षीवरून संगणक त्याचं रूप काढतो. विषाणूची मात्र जागच्या जागी वाफ!

"म्हणजे आधी फोटो, मग खलास?" वेणीमाधवकाका म्हणाले होते. "बरंय की. आमच्यात माणूस गेल्यावर फोटो शोधत बसतात!"

वडिलांच्या मागे काकांनीच मला वाढवलं. त्र्यंबकला पूजा सांगून माझी फी भरली.

कुपी घेऊन माझा विद्यार्थी मनोज जर्मनीला गेला. नेमकी आमची पाळी आली त्या दुपारी काकांचं काही खरं राहिलं नाही. त्यांचा हात धरून मी रडत होतो, आणि मेलं लक्ष मोबाइलकडे!

मनोजचा फोन आला. "सर, नक्षीत नुसती पाण्याची वर्तुळं दिसतायत! विषाणू एकही नाही!"

"नीट बघ रे!"

"हजारो झोत मारले, सर! साधं पाणी आहे. दुसरा नमुना असेल तर उद्याच्या विमानाने पाठवा, परवापर्यंत पाळी आपलीच आहे. नाहीतर दोन वर्षं थांबा!"

समोर आई तीर्थाची कुपी उघडत होती.

"आई, ती चिठ्ठी..."

"फ्रिज पुसताना दोन्ही गळाल्या होत्या. चिकटवल्या की मी परत! घाल आता, तुझ्याच हातचं हवंय त्यांना."

खरं तीर्थ जर्मनीत. घरात एवढीच कुपी, माझे दोन वर्षांचे सगळे विषाणू तिच्यात. आणि काका तोंड उघडून वाट बघत होते.

घातलं. सगळं घातलं.

काकांनी जीभ फिरवली. "गोड आहे रे," म्हणाले, आणि गेले. मी ढसाढसा रडलो. कशासाठी किती, ते विचारू नका.

"पुण्यवान माणूस! तीर्थसुद्धा गोड लागलं!" आई येईल त्याला सांगत सुटली. परवा शेजारच्या श्यामलाबाई आल्या. त्यांच्या सासूबाई अत्यवस्थ आहेत. "तेच तीर्थ द्या हो थोडं!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन कुपी भरून आणली.

चमचाभर साखर घालून.