भीमण्णांच्या ब्याटरीचा ताप

आमच्या शेजारचे भीमण्णा ब्याटरीला उलटा हात लावून ताप बघत. खोटं नाही सांगत! धारवाडच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर असलेल्या या गृहस्थांनी परसातल्या गोठ्यात विमान बांधायला काढलं होतं. बांबूचा सांगाडा, वर मांजरपाट आणि पुढं जुन्या मोटारीचं इंजिन. ब्याटरी इंजिनाला खेटून. इंजिन जरा चाललं की ती तापायची, आतलं पाणी रटरटायचं आणि सगळंच बंद पडायचं.

मग हाक यायची, "वकीलसाहेब, ओला पंचा आणा लवकर!" तो ब्याटरीच्या अंगावर. पंचा परत यायचा चाळण होऊन, कारण आतलं पाणी म्हणे ॲसिडचं.

"म्हणजे ब्याटरी बिघडली?"

"तसं नव्हे हो, पण तसंच."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असा साक्षीदार कोर्टात भेटला तर मी वकिली सोडून देईन.

इंजिन आणि ब्याटरीच्या मध्ये पत्रा ठोकून झाला. मग फोनोग्राफचा कर्णा बसवला. समोरचा वारा त्यातून थेट ब्याटरीवर.

"पण वारा लागणार उडाल्यावर. आणि ब्याटरी थंड झाल्याशिवाय उडणार कसं?"

"सुम्म, गप्प बसा की हो! तसं नव्हे..."

"पण तसंच," मी म्हणालो. आता माझंच डोकं तापलं होतं.

शेवटी ब्याटरी शेपटीत नेली, तर विमान बूड टेकून बसलं. तोल साधायला नाकात वरवंटा घातला. तो शोधत अक्का आल्या आणि घेऊन गेल्या. अक्का म्हणजे भीमण्णांच्या थोरल्या बहीण. कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. भीमण्णांना त्यांनीच वाढवलं.

"अहो, विमानातली तुमच्या मागची गादीची बैठक रिकामीच आहे. ब्याटरी तिथं ठेवा. इंजिनापासून लांब, शेपटीतही नाही!" कुणालाही कळेल अशी गोष्ट.

"इल्ला. ती जागा दिलेली आहे."

"कुणाला?"

"अक्काला."

"या वयात? विमानात? शुद्धीवर आहात ना?"

"हळू बोला, आत ऐकू जाईल. तिला अजून सांगितलं नाही." ते गादीवरची धूळ झटकू लागले. "इथं खाली तिला कुठल्या कार्यात पुढं येऊ देत नाहीत. सकाळी दारात दिसली तर लोक परत फिरतात."

त्यांनी गादी थोपटून नीट बसवली.

"वर आभाळात कोण परत फिरतंय, सांगा?"