सत्तावीस मालकांचा दिवस

कैलासनं हिशेब पक्का बांधला होता. एक जुलैला वर्ध्याच्या संस्थेतून मंजुषा मॅडम पाहणीला येणार, आंजीचं म्हाताऱ्यांचं दिवसघर बघून खूश होणार आणि त्याची तात्पुरती व्यवस्थापकी कायम होणार! फिरती खुर्ची, दारावर नावाची पाटी, आणि 'पोरगं काय करते?' विचारणाऱ्या सोयऱ्यांची तोंडं कायमची बंद.

दिवसघर होतंच तसं देखणं. पायऱ्या काढून उतार केलेला, भिंतीला धरायला दांडा, हातांच्या खुर्च्या, लांबून वाचता येतील अशा पाट्या. दिवसभर इथं बसायचं, जेवायचं, संध्याकाळी घरी. मॅडमनी बजावलं होतं, "इथं माणसं स्वतःच्या मर्जीनं वागली पाहिजेत. मी तेच बघणार."

त्यावर कैलासनं डोकं लढवून नियम काढला आणि भिंतीवर रंगवून घेतला: ज्याचा वाढदिवस, तो त्या दिवसाचा मालक. त्याचा शब्द अखेरचा! सभासद सत्तावीस, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन मालक. सांभाळता येतील! मार्चात दिवसघर उघडलं, जून सरला, तरी एकही मालक उगवला नाही. कैलासला हे आपलं नशीबच वाटलं. सभासदांचे जन्मतारखेचे फॉर्म त्यानं कपाटात नीट रचून ठेवले होते, वाचले नव्हते.

एक जुलैला सकाळी आठलाच अण्णाजी इस्त्रीचं धोतर नेसून दारात.

"कैलास, आज मी मालक! पंखे बंद कर."

"लाख लाख शुभेच्छा, अण्णाजी!"

"पंखे लाव रे," मागून वच्छलाबाई. "माहाबी आजच वाढदिवस हाय."

तिच्यामागं तानबा, आणि तानबामागं लग्नाच्या पंगतीसारखी रांग!

"सगळ्यायचा आजच?" कैलासचा आवाज चिरकला.

"मंग?" तानबा म्हणाला. "शाळेत नाव टाकताना गुरुजीनं साऱ्यायले एक जुलैच लिहून देली. ज्यायनं शाळा पाह्यली नाई, त्यायले आधारवाल्यानं देली. मायले येवढंच याद होतं का कापूस वेचाचे दिवस होते!"

मग हुकूम सुटले. पंखे लाव, बंद कर. भजन लाव, क्रिकेट लाव. झुणका कर, नाई, वडाभात! कैलास गिरणीच्या पट्ट्यासारखा नुसता फिरत होता.

"अरे, कोणी तरी एकानं सांगा ना जी!"

"काऊन? भितीवर तूच लिहिलं ना बे!"

साडेदहाला त्यानं डोकं धरलं. "मॅडम येऊन राह्यल्या! माही नोकरी जाईन हो!"

वच्छलाबाईला दया आली. सत्तावीस डोकी एकत्र झाली, पाच मिनिटं भांडली, आणि एकच हुकूम निघाला: "तू खुर्चीवरून हालू नको. आमी पाहून घेतो."

आणि त्यांनी पाहून घेतलं! अर्ध्या दालनात पंखे, अर्ध्यात नाही. अण्णाजी हजेरीवर, तानबा कांद्यावर, वच्छलाबाई चुलीपाशी. मॅडम आल्या तेव्हा कैलास स्वागताला उठू लागला, तर सत्तावीस तोंडांनी एकच आवाज: "बस!"

मॅडम दोन तास बघत राहिल्या. "असं केंद्र मी कुठंच पाहिलं नाही! सगळं स्वतःच करतात!"

कैलासची छाती फुगली. मॅडमनी शेरा लिहून वही त्याच्याच हातात दिली.

'सभासद पूर्ण स्वावलंबी. व्यवस्थापकाची गरज नाही.'

त्या दिवशी आंजीत वर्ष सरलं सत्तावीस जणांचं. नोकरी सरली एकट्या कैलासची. जमेला काय? वडाभात. तोही पोटभर, कारण वच्छलाबाईनं त्याला दोनदा वाढला.